एक फुल, दोन हाफ, दोन फुकट

आमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच. आईची पंच्याहत्तरी होऊन गेली, त्यामुळे २०२२ पासून एस्टीत ती फुकट. २०२३ च्या मार्चपासून बायांना निम्मं भाडं, म्हणून बायको हाफ. पोरगा नऊ वर्षांचा, तोही हाफ. धाकटी चार वर्षांची; पाच पुरी होईस्तोवर तिला तिकीटच नाही. कंडक्टर आमच्या बाकापाशी आला की मशीनवर बोटं नाचवत म्हणतो, "एक फुल, दोन हाफ, दोन फुकट." आणि 'फुल' म्हणताना माझ्याकडे बघतो. त्या बघण्यात कीव असते, असा माझा समज आहे.

तर मे महिन्यातल्या एका पहाटे साडेपाचच्या गाडीनं हे सगळं बिऱ्हाड चांदूर बाजार तालुक्यातून नागपूरकडे निघालं. निमित्त पोराचं. त्याच्या वर्गातला कोणी तरी एका पार्कात जाऊन उलट्यापालट्या पाळण्यात बसून आला होता. मे महिन्यात आमच्याकडे ढेकळं तापण्यापलीकडे शेतात काही घडत नाही. शाळाही उन्हापायी बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. म्हणजे पोरगा दोन महिने घरात आणि रोज एकच भुणभुण, "बाबा, कधी जाचं?" शेवटी पेरणीच्या आधी जाऊन येऊ असं ठरलं. पेरणीनंतर खिशात काही राहत नाही, हे त्यामागचं शास्त्र.

पार्काच्या तिकीटखिडकीपाशी भिंतीवर जिराफ रंगवला होता आणि त्याच्या मानेवर सेंटिमीटरच्या रेघा. नव्वदच्या खाली फुकट, एकशेवीसच्या खाली बच्चा तिकीट, त्याच्या वर गेला की पूर्ण. वय कोणी विचारत नाही. बायकोनं आधी चौकशी केली, "बायायले हाफ हाय न?" आतल्या मुलीनं मान हलवली. "येष्टीत हाय," बायको म्हणाली. "मॅडम, ही एस्टी नाही." हे वाक्य बायकोला दिवसभर पुरलं. आईला ज्येष्ठ म्हणून थोडीशी सूट मिळाली. पूर्ण माफ नाही म्हटल्यावर तिनं आधार कार्ड दोन-तीनदा काचेला टेकवून पाहिलं. पोरीला नीट दिसलं नसेल, असं तिला वाटलं.

एका पूर्ण तिकिटात सरकीच्या बियाण्याची पिशवी आली असती. हा हिशेब मनात चालू असताना पोरगा जिराफाला पाठ लावून उभा राहिला. छाती पुढे, मान वर, टाचा किंचित उचललेल्या. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं खाली दाबला.

"ढिला उभा राय. जराक वाक."

"काऊन?"

"मी सांगून राहिलो न!"

आईनं बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्याचे केस चापूनचोपून बसवले. एकशेएकोणीस. बच्चा तिकीट! मी जिराफाकडे कृतज्ञतेनं पाहिलं.

दारात पिशव्या तपासत होते. आईनं रात्री तीनला उठून केलेल्या दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सगळं बाहेर ठेवायला लावलं. "बाहेरचं खानं आत चालत नाही, आजी." आई म्हणाली, "हे बाहेरचं नाही रे बाप्पा, घरचं हाय." पहारेकरी क्षणभर गडबडला, पण नियम नियम असतो.

मोठ्या पाळण्यापाशी पत्र्याचं एक माकड हात आडवा धरून उभं होतं. हाताची उंची तीच, एकशेवीस. आता पोराला उंच व्हायचं होतं. सकाळी खिडकीवर पोट्टं बुटकं पाहिजे आणि तासाभरानं पाळण्यापाशी उंच पाहिजे, अशी बापाची अपेक्षा असते; पोट्टं मात्र दोन्हीकडे एकशेएकोणीसच भरतं. तो ताठ झाला, केस पिंजारून उभे केले, बुटात काही घालायला मिळतं का म्हणून माझा रुमाल मागितला. माकडाच्या हाताखालून तो केसही न लागता पार गेला.

पाळणा चालवणारा मुलगा समजूतदार होता. त्यानं सांगितलं, बाकावर दोघांना मिळून एकच दांडा असतो. तो खाली आला की जाड्या माणसाच्या मांडीवर अडकतो आणि लेकराच्या मांडीवर वीतभर फट राहते. पाळणा उलटा झाला की त्या फटीतून लेकरू सुटू शकतं. म्हणून हे मोजमाप. मला एकदम पटलं. पोराला नाही.

"मले फुल तिकीट काढून द्या," तो म्हणाला. "फुल काढलं का मी एकशेवीसचा होतो."

हा मुद्दा मी अजून खोडू शकलेलो नाही.

मी तोंड पाडलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "पुढच्या साली, बापू" म्हणालो. आतून मात्र मला त्या माकडाची पापी घ्यावीशी वाटत होती. कारण लेकराबरोबर एक मोठा माणूस लागतो आणि आमच्यातला मोठा माणूस म्हणजे मी. लग्न झालं त्याच पौषात आम्ही बहिरमच्या यात्रेला गेलो होतो. बहिरमला गेलेला माणूस हंडी आणि रोडगे खाल्ल्याशिवाय येत नाही. मी ते खाऊन आकाशपाळण्यात बसलो, पाळणा वर गेला आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा माझा आणि हंडीचा संबंध संपलेला होता. खाली कोण उभं होतं ते सांगत नाही. सासरकडचे होते, एवढंच.

म्हणून बारा वर्षं झाली, मी फक्त लहान मुलांच्या विभागात जातो आणि लेकरांसाठी जातो असं सांगतो.

तो विभाग पार्काच्या कोपऱ्यात, संडासाच्या पलीकडे. एक फिरता घोड्यांचा पाळणा, चार मोटारी, प्लास्टिकची घसरगुंडी (त्या उन्हात तिच्यावर पापड भाजून निघाला असता) आणि मधोमध रुळांवर फिरणारी एक गाडी. गाडीला अळीचा आकार दिलेला. डोळे बटबटीत, तोंडभर हसू, आणि रंग गुलाबी.

आई जागीच थबकली. "बोंडअळी इथं बी आली काय व माय!"

ज्याच्या घरी कापूस आहे त्याला २०१७ साल सांगावं लागत नाही. अळी लागू नये म्हणून काढलेल्या बीटी बियाण्याला न जुमानता गुलाबी अळीनं त्या वर्षी बोंडं आतून खाल्ली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं तर आत कवडी, म्हणजे किडका कापूस. त्या अळीला मारायला मी पाठीवर पंप घेऊन वावरात फिरलो होतो, आणि आता तिचीच हसरी मूर्ती बघायला पैसे भरून आलो होतो. धाकटी तिच्या पाठीवर बसून टाळ्या वाजवत होती. दर फेरीला अळी आमच्यापुढून जाताना पोंगा वाजवायची. आई दर फेरीला तोंड फिरवायची.

पोरगा त्या अळीत बसायला तयार नव्हता. "ते बारक्यायचं हाय." मग पाच मिनिटांनी शेवटच्या डब्यात, गुडघे कानाशी घेऊन, कोणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करत बसला. तीन फेऱ्या झाल्या तरी उतरेना.

कठड्याला नऊ मोठी माणसं उभी. आत लेकरं तीन. नऊही जण मोबाइल धरून "इकडं पाय, इकडं पाय" ओरडत होते. बसायला बाकडं एक. त्यावर कडुनिंबाची सावली सकाळी होती म्हणे. आम्ही पोचलो तोवर ती सरकत सरकत कचराकुंडीवर गेली होती आणि कचराकुंडी बरीच गार वाटत होती.

आईनं बाकड्यावर बसून कमरेची पिशवी सोडली. त्यातून निघाले भाजलेले शेंगदाणे. पहारेकऱ्याला कमरेपर्यंत तपासायची हिंमत झाली नव्हती. आम्ही दोघं दाणे खात त्या अळीकडे बघत बसलो, आणि मला एकदम वॉल्ट डिस्ने आठवला. त्याच्या मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या पाळण्यात बसायच्या आणि हा बाप बाकड्यावर बसून शेंगदाणे खायचा. आईबाप आणि लेकरं, दोघांनाही मजा येईल असं काही तरी पाहिजे, असं त्याला तिथं सुचलं. १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं ते त्यातून. म्हणजे एवढ्या मोठ्या धंद्याचं मूळ एका बापाच्या कंबरदुखीत आहे. सत्तर वर्षं झाली, हजारो कोटी लागले, आणि बाप अजून बाकड्यावरच आहे. दाणेही तेच.

तेवढ्यात कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा पाटीवर कागद घेऊन आला. "काकाजी, एक फॉर्म भरता का? हा बच्चा विभाग ठेवायचा, का काढून इथं मोठा पाळणा आणायचा, असं विचारून राहिले वरतून."

बाकड्यापाशी एकदम ग्रामसभा भरली.

वरुडकडचे एक संत्रावाले होते. ते म्हणाले, "काढून टाका. माही नात तीन फेऱ्या मारते अन् उतरवलं का रडते. येवढ्या जागेत पन्नास संत्र्याची झाडं बसतात." नागपूरची एक बाई म्हणाली, ठेवा, पण वर छप्पर टाका आणि पंखे लावा. एका गृहस्थांचं म्हणणं, इथं कमाई काय? निम्मी लेकरं नव्वदच्या खालची, फुकट. टी-शर्टवाल्यानं हळूच मान डोलावली. वरच्यांचंही तेच म्हणणं असावं.

"फुकट?" मी म्हणालो. "माही पोरगी फुकट आली, पण तिच्या मागं चार तिकिटं आली. थे नसती तर आमी वावरात असतो. घाण्याचा बैल तेल देत नाही म्हणून कोनी बैल काढून टाकते काय?"

हे मला आयत्या वेळी सुचलं आणि माझं मलाच आवडलं.

मग मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. माझ्या साळ्याचा पोरगा कॅलिफोर्नियात असतो, त्याच्याकडून कळलेली. तिथल्या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कात २००२ पासून लहान लेकरांसाठी किड्यामकोड्यांचा एक विभाग होता. माणूस किड्याएवढा, गवत झाडाएवढं. त्यातही अळीचीच गाडी होती, हिरवी, टरबुजातून, गाजरातून खात खात जाणारी. २०१८ साली तो विभाग बंद केला आणि २०२१ मध्ये तिथं मारामारी करणाऱ्या सुपरहिरोंचा विभाग उघडला.

आई लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे त्यायची अळी गेली?"

"गेली."

"कोन्तं औषध मारलं?"

संत्रावाल्यांनी पण कान टवकारले. तो विषय फवारणीवर जाऊन पंधरा मिनिटं परत आलाच नाही. टी-शर्टवाला मुलगा पाटी छातीशी धरून उन्हात उभा होता. त्याला आईनं मूठभर दाणे दिले.

फॉर्म फक्त पूर्ण तिकीटवाल्यांना होता. म्हणजे ज्यांच्यासाठी तो विभाग, त्या पोरांना मत नाही. आईला सूट मिळाली होती, तिलाही नाही. ती म्हणाली, "इलेक्शनात घरी येऊन घेऊन जाते मले मतदानाले!" आमच्या घरची मतं दोन, मी आणि बायको. बायकोनं 'काढा'वर खूण केली. तिचं कारण सरळ होतं. इथलं काढलं तर पुढच्या वेळी शेगावला जाता येईल. महाराजांचं दर्शन होईल, आनंदसागरची बाग होईल, आणि शिदोरी घेऊन जाता येईल.

मी 'ठेवा'वर खूण केली. खाली 'कारण' म्हणून तीन ओळी सोडल्या होत्या. मी लिहिलं, 'लहान मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी.' बायकोनं खांद्यावरून वाचलं.

"अजी, खरं लिहा न. बहिरमचं लिहा."

संत्रावाल्यांनी विचारलं, बहिरमला काय झालं होतं? बायकोनं सांगितलं. सविस्तर सांगितलं, आणि कोणकोण खाली उभं होतं तेही सांगितलं. त्यात तिचा भाऊ होता. संत्रावाले इतके हसले की त्यांची नात अळीतून उतरून बघायला आली. मग त्यांनी डोळे पुसले, आपला फॉर्म परत मागितला आणि 'काढा' खोडून 'ठेवा' केलं. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माहं पोहऱ्यात झालं होतं, भाऊ. विहिरीत उतरलो होतो. तवापासून मी जिन्याच्या वरतं जात नाही."

माझ्या आणि बायकोच्या मतांनी एकमेकांना खाल्लं. पण संत्रावाल्यांमुळं 'ठेवा'ला एक जास्त पडलं, असा माझा हिशेब आहे.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कशीबशी एक सीट मिळाली, त्यावर आई आणि मांडीवर धाकटी. तिच्या हातात अळीचं गुलाबी शिंग असलेली टोपी. आई ती टोपी पदराखाली झाकत होती, गावात कोणी बघायला नको. कंडक्टर आला. मी पाकीट काढलं, तेवढ्यात पोरगा पुढं झाला.

"माहं फुल काढा."

कंडक्टरनं मशीन थांबवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही मागणी त्याच्याकडे पहिल्यांदाच आली असावी. "किती वर्साचा हायस?"

"नऊ. पन मले फुलच पाह्यजे."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बाराच्या आत हाफच निघते, बापू."

पोराचा खालचा ओठ हलायला लागला. सकाळपासून आवरलेलं आता फुटणार असं दिसलं. तेव्हा आईनं कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि कंडक्टरपुढं धरलं.

"माहं तर फुकट हाय न, बाबू? मंग माह्या जागचं फुल याले दे. अन् याचं हाफ मले लाव."

कंडक्टर उभ्या उभ्या विचारात पडला. मी मनात बेरीज केली. कुठूनही केली तरी एक तिकीट वाढत होतं आणि ते माझ्याच खिशातून जाणार होतं. मागून कोणी तरी "अमरावती दोन!" म्हणून ओरडलं. कंडक्टरनं बोटं चालवली, पट्टी फाडली आणि नेहमीचंच म्हणाला, "एक फुल, दोन हाफ, दोन फुकट."

फक्त 'फुल' म्हणताना त्यानं या खेपेला पोराकडे पाहिलं. पोरगा दांड्याला धरून ताठ उभा राहिला. टाचा किंचित उचललेल्या होत्या.