ब्रेट हार्टला कुरकुऱ्या म्हणू नका

आजच्या रेसलिंगवर जुना नामवंत रेसलर ब्रेट हार्ट टीका करतो ती जुन्या माणसाची कुरकुर, असं लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. मे १९९९ मध्ये त्याचा भाऊ ओवेन रिंगमध्ये उंचावरून पडून दगावला. त्याच डिसेंबरमध्ये गोल्डबर्ग या रेसलरची लाथ डोक्यात बसली आणि ब्रेटची कारकीर्दच आटोपली. निकाल आधी ठरलेला असतो हो, पण मान समोरच्याच्या हातात दिलेली असते! ब्रेटचा ठोसा नीट बघा: सणसणीत वाटतो, पण समोरच्याला इजा होत नाही. खरी कारागिरी ती. आता नेटफ्लिक्स 'रॉ' या रेसलिंगच्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी १० वर्षांचे ५ अब्ज डॉलर मोजतंय, तरी रेसलर अजून कंत्राटीच, त्यांची संघटनाही नाही. यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.