परवानगी कोननी लागस?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई माहेरी येते, अमळनेरला, आमच्याकडे. आत्याला आम्ही फुईच म्हणतो. झोक्यावरची अहिराणी गाणी तिला तोंडपाठ. म्हटलं, यंदा रेकॉर्ड करूनच ठेवू. यूएसबी माइक आणला आणि भाच्याने लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) टाकून दिलेल्या जुन्या लॅपटॉपला खोचला. माइकचा निळा दिवा लागला. फुईने पदर सारखा केला, घसा खाकरला.

रेकॉर्डिंगची कमांड दिली, तर लॅपटॉप म्हणाला, साउंडकार्डच नाही.

पोर्ट बदललं, वायर बदलली, फुंकर मारली. (फुंकरीने आजवर काही दुरुस्त झालेलं नाही, तरी मारायची असते.) यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी कमांड दिली, तर यादीत माइक हजर! तीच रेकॉर्डिंगची कमांड सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात, दिली, तर कार्डही मुकाट्याने सापडलं. रोग कळला. आवाजाच्या उपकरणांच्या फायली रूट (म्हणजे सर्वाधिकारी खातं) आणि 'ऑडिओ' ग्रुपच्या ताब्यात, आणि त्या ग्रुपात मी नव्हतोच.

"काय व्हयनं?"

"परवानगी नाही, फुई."

"घर तुन्हं, डबा तुन्हा, मंग परवानगी कोननी लागस?"

मी तिरीमिरीत स्वतःला ग्रुपात घालायला यूजरमॉड कमांड हाणली. त्यात मोठ्या 'जी'च्या आधी छोटा 'ए' लावायचा असतो. तो 'ए' म्हणजे आहे त्यात भर घाल. मी विसरलो. 'ए' नसला की लिनक्स समजतं, गड्याला बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून काढून फक्त या एकात बसवायचंय. त्यात सुडो वापरू देणारा ग्रुपही गेला. लॉग आउट करून परत आलो तर माइक चालू, आणि मीच बेदखल! रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकायला गेलो, तर पडद्यावर इंग्रजीत दरडावणी: तुमचं नाव सुडोच्या यादीत नाही, या घटनेची वर्दी दिली जाईल. कोणाला देणार? दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ॲडमिन मीच होतो.

भाचा पुण्यात, मीटिंगमध्ये. त्याने मेसेजवर तुकड्यातुकड्याने सांगितलं तसं रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या खास अवस्थेत, रूट होऊन स्वतःला सुडोत परत घेतलं. यात तास गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरात खापरावर मांडे सुरू झाले होते आणि फुई तिथे बसून एकामागून एक गाणी म्हणत होती. मला सगळी ऐकू येत होती.

रेकॉर्डिंग झालं ते आमरस-मांडे जेवून झाल्यावर. एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. पहिलं मिनिटभर कूलरची घरघर. मग फुई:

"चालू शे का रे ते?"

"हो, म्हण."

भांडं पडल्याचा आवाज. मग एक लांब जांभई.

"आते इसरी गऊ मी."