आत्मत्याग म्हणजे गुलामगिरी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि तो राग योग्य जागी आहे. दोन ओळींत तो निभावून नेता येणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'देवाला पूर्ण शरण जाण्यातच ख्रिस्ती माणसाचं खरं स्वातंत्र्य आहे' हे गेल्या लेखातलं वाक्य ताईंना खटकलं. त्यांचं म्हणणं असं, की शरणागती आणि स्वातंत्र्य एका वाक्यात नांदूच शकत नाहीत, हे गुलामगिरीचं गोंडस नाव आहे. शिवाय हाच आत्मत्याग शिकवून चर्चमधली पाळक मंडळी मार खाणाऱ्या बाईला 'आपला क्रूस वाहा' म्हणत परत त्याच घरात धाडतात. आणि पंडिता रमाबाई मुक्ती शोधत ज्या धर्मात आल्या, त्याच धर्मात तुम्ही बेड्या विकता.

मार खाणाऱ्या बाईपासून सुरुवात करू. बाकीचे मुद्दे थांबू शकतात, तिचा नाही.

तिला 'क्रूस वाहा' म्हणणं ही चुकीची शिकवण आहे. 'थोडी कठोर' वगैरे नव्हे, चुकीची. बायबलमधल्या मार्क ८:३४ मध्ये येशू म्हणतो, की माझ्यामागे यायची ज्याची इच्छा असेल त्याने आत्मत्याग करावा आणि आपला क्रूस उचलावा. म्हणजे तो बोलतो ते 'ज्याची इच्छा असेल' त्याच्याशी, आणि उचलायचा तो आपला स्वतःचा क्रूस. नवऱ्याने मारलेला पट्टा या वाक्यात कुठेच बसत नाही. योहान १०:१८ मध्ये तो स्वतःच्या मरणाबद्दलही हेच सांगतो: माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. जे हिसकावून घेतलं जातं त्याला त्याग म्हणत नाहीत. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला चौकशीच्या वेळी शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने काय केलं, तेही वाचावं (योहान १८:२३). त्याने विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? येशूचा प्रेषित पौल याचंही तसंच. जिवावर बेतलं तेव्हा तो दिमिष्कातून (दमास्कस शहरातून) टोपलीत बसून तटावरून खाली उतरला. यरुशलेमेत फटके मारायला बांधला तेव्हा रोमी नागरिक असल्याचं त्याने ठणकावून सांगितलं. फिलिप्पैत बेकायदा फटके मारून गुपचूप सोडायला लागले तेव्हा तो हलला नाही, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं म्हणाला. पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. या माणसाचा आत्मत्याग कुणी कमी लेखणार नाही.

'पत्नींनो, पतीच्या अधीन असा' हे इफिसकरांस पत्रातलं वचन (५:२२) तुमच्यासमोर फेकलं जाईलच. त्याच्या आधीचं वचन वाचायला सांगा. तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदही नाही. ते एकविसाव्यातून उसनं घ्यावं लागतं.

आता व्यवहाराचं. तातडी असेल तर ११२, महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि घर कुणाच्याही नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क बाईला आहे. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. त्याआधी बायकोला व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता असं दोन्ही सिद्ध करावं लागे. कॅथलिक असाल तर चर्चचाच कायदा (कलम ११५३) सांगतो, की जोडीदाराकडून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. पाळकांसाठीही एक सूचना आहे. हिंसा चालू असताना नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समुपदेशन करू नये. नवऱ्यादेखत ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याचीच शिक्षा भोगते. क्षमा करणं आणि त्या घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यासपीठावरून वर्षातून एकदा तरी मोठ्याने सांगायला हवं.

आता शब्दांकडे. 'आत्मत्याग' हा आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला शब्द थोडा दुर्दैवी आहे. कानाला तो आत्मघाताचा सख्खा भाऊ वाटतो. मूळ ग्रीक क्रियापद 'अपार्नेओमाइ', म्हणजे नाकारणं, ओळख नाकारणं. मार्कच्याच शुभवर्तमानात कोंबडा आरवण्याआधी येशूचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो तिथे हेच क्रियापद आहे. पेत्राने येशूला मारलं नव्हतं. 'मी त्या माणसाला ओळखत नाही' एवढंच तो म्हणाला. स्वतःला नाकारणं म्हणजे तेच वाक्य स्वतःच्या 'मी'ला ऐकवणं: तुझा माझ्यावर हुकूम चालणार नाही. बुद्धी, मतं, आवडीनिवडी, शरीर जिथल्या तिथे राहतं. जाते ती मालकी.

आणि मालकी कधी रिकामी राहत नाही, हा रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा सगळा मुद्दा आहे. ज्याची आज्ञा पाळता त्याचे तुम्ही दास. आपल्याकडचे मालक ओळखीचे आहेत: 'लोक काय म्हणतील', बढती, मोबाइलचा पडदा, भावाशी दहा वर्षांचा अबोला, 'शेवटचा शब्द माझाच'. जातही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी मुलीसाठी 'आपल्यातलाच' ख्रिस्ती मुलगा शोधणारे आपण. स्वतंत्र माणसं म्हणे.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे: मालक बदलला म्हणजे काय मोठं झालं? बायबलमधलं निर्गम हे पुस्तक नेमक्या याच प्रश्नावर उभं आहे. हिब्रूत 'अवोदा' हा एकच शब्द वेठबिगारीसाठीही वापरतात आणि उपासनेसाठीही. इस्राएल लोक मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याची 'अवोदा' करत होते. मोशे फारोकडे जातो तो 'माझ्या लोकांना जाऊ दे, म्हणजे ते माझी सेवा करतील' असा निरोप घेऊन. म्हणजे नुसतं 'सोड' नाही. पण दोन मालकांचा कारभार ताडून पाहा. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली (निर्गम ५). देवाने सातवा दिवस सुट्टीचा केला, तो दासदासींना, बैलाला आणि गाढवालाही, आणि कारण दिलं की तू मिसरात दास होतास हे विसरू नकोस ('अनुवाद' हे पुस्तक, अध्याय ५). देवाच्या नावाने कुणी काही मागत असेल तर ही कसोटी लावा. पेंढा काढून घेऊन विटा तेवढ्याच मागत असेल, तर मागणारा फारो आहे, अंगात पाळकाचा झगा असला तरी.

हीच मर्यादा चर्चच्या जुन्या शिस्तीतही दिसते. ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चालतो. त्याचे दिवस ४६ होतात, मोजले जातात ४०, कारण सहा रविवार वगळायचे. रविवारी उपवास नाही. कॅथलिक नियमाने बंधनकारक उपवास वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार: एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी, दोन्ही मिळून पूर्ण जेवणाइतकी होणार नाहीत अशी. तेही वयाच्या १८ ते ५९ पर्यंतच. शिस्त घालणाऱ्यांनीच तिला कुंपण घातलेलं आहे. गरोदर बाई, मधुमेहाचा रुग्ण, गोळ्या घेणारा माणूस यांनी 'विश्वासाने' उपाशी राहणं किंवा औषध बंद करणं यात शरणागती नाही, हट्ट आहे.

स्वतःला नाकारायची सवय लावायची असेल तर एकच गोष्ट निवडा, आणि तीही 'मी'च्या वर्मावर बसणारी. चहा सोडणारे पुष्कळ भेटतात. चहा सोडून तिसऱ्या दिवसापासून घरादारावर खेकसणारेही तेच. ज्याच्यावर खरी मालकी चहाची नाहीच, त्याने चहा सोडून काय मिळवलं? वाद जिंकायची खोड असेल तर ४० दिवस शेवटचं वाक्य समोरच्याला बोलू द्यायचं. पैशाची भीती असेल तर ठरावीक रक्कम, स्वतःच्या कमाईतली, कर्ज काढून नव्हे, गरजूला द्यायची आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की मोबदला मिळाला, हे मत्तयच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ आहे. दशमांशासाठी, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्यासाठी, आईवडिलांची औषधं थांबवणाऱ्यांनी मार्क ७ मधलं 'कुर्बान'चं प्रकरण वाचावं. देवाला दिलं म्हणून आईबापांना नाही म्हणणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच झापलं आहे.

रात्री पंधरा मिनिटं काढा. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याची जुनी पद्धत आजही कामाची आहे: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून न्यायचा, जिथे घसरलो तिथे क्षमा मागायची, शेवटी उद्यासाठी एक ठराव. बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर अडकतात आणि स्वतःला कोसत बसतात. स्वतःला कोसणं हेही स्वतःभोवतीच फिरणं आहे, फक्त उलट्या दिशेने. इग्नातीचा आणखी एक नियम सोन्यासारखा आहे. मन कोरडं, उदास झालेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. 'सगळं सोडून सेवेला जातो' म्हणणाऱ्यांतले किती तरी जण खरं तर नोकरीला वैतागलेले असतात. वैताग ओसरेपर्यंत राजीनामा लिहू नये.

आणि या सगळ्याने आपोआप पवित्र होता येत नाही. 'हे शिवू नको, ते चाखू नको' छापाचे नियम दिसायला शहाणपणाचे असतात, पण देहाची हाव आवरायला कुचकामी, असं पौल कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो. संदेष्टा यशया याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय तर उपवासाची व्याख्याच बदलतो: अन्यायाच्या बेड्या तोडा, जू मोडा, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या. शरणागती खरी की खोटी हे तिथे कळतं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत वर्षारंभी कराराची उपासना असते. पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने ती १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली. तिच्यातल्या प्रार्थनेचा आशय असा, की मी आता माझा नाही, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. कामाला लाव हे सगळे आनंदाने म्हणतात. 'बाजूला ठेव' म्हणताना समितीवर वीस वर्षं ठाण मांडून बसलेल्यांचा आवाज जरा बारीक होतो.

राहिल्या रमाबाई. त्यांचं नाव तुम्ही माझ्याविरुद्ध घेतलंत, पण माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा त्याच आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांत त्यांचं तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जोरदार भांडण जुंपलं. पुरुष विद्यार्थ्यांना रमाबाईंनी शिकवावं की नाही हे हिंदुस्थानातले बिशप ठरवू पाहत होते. मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे आणि आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये लिहिलं. ही बंडखोर बाई तुमची, हे मान्य.

पण त्याच बाईने पुढे सांगितलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःला पूर्णपणे देवाच्या हाती दिलं. तुमच्या हिशोबाने इथून पुढे त्या नरमायला हव्या होत्या. घडलं असं: १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आधीच्या दुष्काळात गमावलेल्या बाईला तिथलं काहीच नवीन नव्हतं. पुण्यात प्लेगचे निर्बंध आडवे आले तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांनी वस्ती उभी केली. तिचं नाव मुक्ती. आणि १८९७ मध्येच पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची कशी परवड होते यावर 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून त्यांनी इंग्रज सरकारचा कारभार चव्हाट्यावर आणला. सरकार ख्रिस्ती होतं, त्याच्या मेहरबानीची एखाद्या मिशन चालवणाऱ्या बाईला गरज होती, तरीही. बिशपांपुढे न झुकलेली मान देवापुढे झुकली, आणि त्यानंतर ती गव्हर्नरापुढेही झुकेना.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे मूळ लेखात दोन बदल केले आहेत. 'देवाला पूर्ण शरण' यापुढे 'आणि म्हणून कुणाही माणसाला नव्हे' हे शब्द घातले आहेत. ते आधीच असायला हवे होते. आणि लेखाच्या अगदी वर, शीर्षकाखाली, १८१ आणि ११२ हे क्रमांक टाकले आहेत.