नगरसेवकांच्या ग्रुपमध्ये नांदायचं कसं

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदहाला मला आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. शिवीगाळ नाही, राजकारण नाही, एक फोटो टाकला आणि एक प्रश्न विचारला, बस्स. मला कळलंही नव्हतं, जेवता जेवता बायको म्हणाली "अहो, तुम्हाला काढलं वाटतं", कारण ती अजून आत आहे. तर म्हटलं आपलं झालं ते झालं, निदान तुमच्यावर ही वेळ येऊ नये. तुम्हालाही कुणी ना कुणी न विचारता अशा ग्रुपात टाकलेलं असणारच. सासर आहे ते, जपून नांदायला लागतं.

सुरुवात सोपी आहे. सकाळी साडेसहाला माननीयांच्या फोटोसकट सुप्रभात येतं, त्याला हात जोडा. पहिल्या पाचात जोडलेत तर नाव लक्षात राहतं.

वाढदिवस चुकवू नका. त्यांचा, त्यांच्या नेत्यांचा आणि नेत्यांच्या चिरंजीवांचा.

पाण्याच्या मेसेजवर कुरकुर नको. गुरुवारी पाणी बंद हे गुरुवारी दुपारी दीडला कळतं, तोवर टाकी खडखडीत आणि तुमच्या डोक्याला शाम्पू, पण मेसेज आला ना? वर हसरा फोटो, खाली "नागरिकांनी सहकार्य करावे". करा की मग सहकार्य.

आता जरा अवघड भाग, अपडेट वाचायचं कसं. त्याची एक भाषा असते, हळूहळू जमते. "पाहणी केली" म्हणजे गाडीतून उतरले. "पाठपुरावा सुरू आहे" म्हणजे एक फोन केला, तिकडून उचलला नाही. "अधिकाऱ्यांना धारेवर धरले" म्हणजे बिचारा जेई, पालिकेचा कनिष्ठ अभियंता, हात मागे बांधून उभा आहे आणि सगळे मिळून खड्ड्यात बघतायत. "सूचना दिल्या" असेल तर फोटोत बोट दिसलंच पाहिजे, खड्ड्याकडे रोखलेलं. एक गंमत बघून ठेवा, अशा फोटोत बोटवाले पाचसहा जण असतात पण खड्ड्यात उतरून काम करणारा बिगारी कधीच नसतो, तो फ्रेमच्या खाली असतो.

आणि "यांच्या संकल्पनेतून". याच्यावर हसायचं नाही, ग्रुपमध्ये तर मुळीच नाही. आमच्याकडे ड्रेनेज लाईन संकल्पनेतून झालीय. घरातलं सांडपाणी पाईपातून बाहेर न्यावं ही संकल्पना! मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांनी बांधून वरून झाकलेली गटारं होती, पण त्यांनी चौकात बोर्ड लावला नाही म्हणून ती कुणाच्या संकल्पनेतून झाली हे आज कुणाला सांगता येत नाही, बघा कसं नुकसान होतं ते. बोर्डावर पुढची ओळ "यांच्या विकासनिधीतून". तो निधी त्यांच्या आजोबांनी ठेवलेला असतो असं समजून चालायचं. आपण दरवर्षी मिळकत कर भरतो तो वेगळा, तो कुठे जातो याची चौकशी करणं बरं दिसत नाही. बागेतल्या बाकाच्या पाठीवर नाव रंगवलेलं असतं, त्याला टेकून बसा. रंग ओला असेल तर शर्टावर छापून घरी न्या.

घाई करू नये हा एक फार मोठा गुण आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, नवी मुंबई आणि कोल्हापूरची तर 2020 मध्येच, आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. इतकी वर्षं नगरसेवक हा प्राणीच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हा आपण दम धरला ना? मग आता एका झाकणासाठी पाच आठवडे काय जास्त झाले? (ग्रुप मात्र तेव्हाही होता. तेव्हा त्यांच्या नावामागे "भावी" होतं आणि खरं सांगतो, तेव्हा ते फोन पहिल्या रिंगला उचलायचे.)

तर आता झाकणाचं सांगतो, कारण त्याचसाठी मी हे लिहायला बसलोय.

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर विजेच्या डीपीचा डबा आहे, त्याला लागून ड्रेनेजचं चेंबर. पाच आठवड्यांपूर्वी डंपर गेला आणि झाकणाचा अर्धा तुकडा आत पडला. उरलेला अर्धा तिरका, वर लोखंडाची सळई बाहेर आलेली. कुणीतरी शहाण्या माणसाने त्यात गुलमोहराची फांदी खोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. तेवढी एक गोष्ट या सगळ्या प्रकरणात वेळेवर झाली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." त्याच्या खाली एकतीस जणांनी हात जोडले. मी मोजले. एकतीस.

तुम्ही माझ्यासारखं करू नका. नोंद घेतली म्हटल्यावर विषय संपला असं समजा. मी चार दिवसांनी विचारलं तर खाजगीत उत्तर आलं, ड्रेनेज माझ्याकडे नाही, 'ब' वाल्यांना विचारा. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी प्रभाग चार जणांचा असतो, अ, ब, क आणि ड, म्हणजे आपल्याला एक सोडून चार नगरसेवक, केवढं भाग्य. 'ब' वाले म्हणाले तो कोपरा 'क' वाल्यांच्या बाजूला येतो. 'क' वाले लग्नाला गेले होते. 'ड' वाल्यांचा नंबर त्यांचा भाचा उचलतो, तो म्हणाला काका फोटो पाठवा, नोंद घेतो. मतं मागायला आले तेव्हा चौघं एकाच जीपवर उभे होते हो, तेव्हा कोपरा कुणाचा हा प्रश्न नव्हता! चौघांनी चौघांची चार बटणं दाबून घेतली आमच्याकडून, आणि आता एक झाकण चौघांत मावत नाही.

असो. शांतपणे सांगायचं ठरवलंय.

मग एका सोमवारी पाहणी झाली. मी गॅलरीतून बघत होतो. दोन गाड्या, सात माणसं, त्यातला एक फोटोवाला. फोटोवाला म्हणाला फांदी फ्रेममध्ये येतेय. एका कार्यकर्त्याने फांदी उपटली, फोटो झाले, बोट झालं, जेई झाला, सगळे गाडीत बसले आणि गेले. फांदी तिथेच बाजूला पडलेली. मी चप्पल घालून खाली जाईपर्यंत आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका, वय अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळचं फिरून येत होते. दिवे लागले नव्हते. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत आणि ती सळई नडगीला. सात टाके.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल की निदान दुसऱ्या दिवशी झाकण आलं असेल. आलं की! ग्रुपवर आलं. "आपल्या तक्रारीची तत्काळ दखल, चेंबर दुरुस्ती काम पूर्ण", आणि नव्या कोऱ्या झाकणाचा फोटो. फोटोत मागे पिवळं गेट. आमच्या कोपऱ्यावर गेटच नाही. पिवळं नाही, निळं नाही, कुठलंच नाही, डीपीचा डबा आहे. म्हणजे झाकण बसलंय, कुठेतरी कुणाच्या तरी दारात बसलंय, देव त्यांचं भलं करो. मी खाली उतरून आमच्या उघड्या चेंबरचा ताजा फोटो काढला, टाकला आणि विचारलं, "साहेब, हे पूर्ण झालेलं चेंबर नक्की कुठलं?" पावणेदहा वाजले होते.

त्यानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो अशी सोय लावण्यात आली, बायकोने दाखवलं. व्हॉट्सॲपने ही सोय 2018 मध्ये आणली, तेव्हा त्यांच्या डोक्यात नक्की आमचे माननीयच असणार. नाव मात्र अजून "जनसंवाद" आहे.

आणखी एक शब्द आहे जो कधी चुकूनही टाइप करू नका, क्षेत्रसभा. 74वी घटनादुरुस्ती 1992 ची, तिच्यात तीन लाखांच्या वरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्यात, आणि महाराष्ट्राने 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभाही घातली. गावात ग्रामसभा असते ना तसंच, शहरात आसपासच्या बूथवरच्या मतदारांनी एकत्र बसायचं, काय पाहिजे काय नको ते सांगायचं आणि नगरसेवकाने समोर बसून ऐकायचं. समोर! जिथे रिमूव्हचं बटण नसतं. तुमच्याकडे कधी झाली? मी सोसायटीत विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले ती शेतकऱ्यांची असते ना.

बरं, बास झाला उपरोध. आता मला राग आलाय.

तुम्ही सगळे जे रोज हात जोडता, तुम्हाला मी विचारतो, कशाला? "काम पूर्ण"च्या त्या खोट्या फोटोखाली चव्वेचाळीस थम्सअप आहेत आणि त्यातले निदान दहा जण आमच्या बिल्डिंगचे आहेत, रोज त्याच चेंबरला वळसा घालून कामाला जातात. माहीत असताना दाबता. आणि सांगू का सगळ्यात काय लागलं मला? त्यात काकांचाही अंगठा आहे. पायाला बँडेज बांधून, खुर्चीवर पाय ठेवून, त्यांनी अंगठा दाबला. मी वर गेलो विचारायला तर म्हणाले, "जाऊ दे रे, पाणी-बिणी कधी लागलं तर त्यांच्याकडेच जावं लागतं." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला स्वतःच्या पायात सळई घुसल्यावरही यांना दुखवायची भीती वाटते, ही भीती कुणी घातली? तुमच्या एकतीस जणांच्या हात जोडण्याने घातली. एकाने विचारलं की बाकीचे गप्प, उलट दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मलाच सांगतात, अहो जरा गोड बोलून काम करून घ्यायचं. पाच आठवडे गोड बोलतोय मी.

आणि माननीय, बायकोच्या फोनवरून हे तुमच्यापर्यंत पोचेल, तिला काढलंत तरी मेव्हणा आहे, तो गेला तर शेजारी आहेत. तुम्ही काय करताय हे मला रोज कळतंय, सकाळी कुठे होतात, दुपारी कुणाच्या उद्घाटनाला, रात्री कुणाच्या घरी. मी हे विचारलंच नव्हतं. मी एवढंच विचारलं होतं की झाकण कधी बसेल. तारीख सांगा, नाहीतर जमत नाही असं सांगा, आम्ही वर्गणी काढून बसवतो, पण झालं म्हणून खोटं सांगू नका. लाज वाटायला पाहिजे. म्हातारा माणूस पडलाय तुमच्या फोटोपायी, आणि तुम्ही अजून एकदा वर येऊन विचारलं नाहीत, पाय कसा आहे.

काकांचे टाके शनिवारी निघणार आहेत. त्याच्या आत झाकण बसवा, पिवळ्या गेटवालं नाही, आमच्या या उघड्या चेंबरचं. फोटो काढायचाच असेल तर काढा. फांदी मी परत खोवलीय, चिंधीही नवी बांधलीय, फ्रेममध्ये आली तर येऊ द्या.