‘मूलपेशीचा डीएनए बदलतो’ या संदेशाबाबत खुलासा

कोथरूड परिसरातील सोसायट्यांच्या गटांवर असा संदेश फिरतो आहे की, मूलपेशीची (जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होतात अशी पेशी) रक्तवाहिनीची पेशी होताना तिचा डीएनएच बदलतो आणि हा बदल चूर्णाने घडवता येत असल्याने बायपासची गरज उरत नाही. हे खरे नाही. डीएनए तोच राहतो. बदलते ते कोणती जनुके (डीएनएमधील सूचनांचे तुकडे) चालू आणि कोणती बंद, एवढेच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बेडकाच्या अंड्यात घालून त्यापासून नवे बेडूकमासे वाढवून जनुकसंच शाबूत असल्याचे दाखवले. भ्रूणात ‘ईटीव्ही२’ हे प्रथिन थोडाच काळ अवतरून रक्तवाहिनीच्या जनुकांना चालना देते. त्याचे जनुक काढलेल्या उंदरांचे भ्रूण रक्तवाहिन्यांअभावी जन्मापूर्वीच दगावतात. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून रक्तवाहिनीच्या पेशी घडवता येतात, पण मोजून दिलेल्या वाढघटकांनी (पेशींना वाढीचे संकेत देणाऱ्या प्रथिनांनी), चूर्णाने नव्हे. बायपासचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा आणि हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.