पंख्याच्या लेबलवर दुरुस्तीचीही नोंद हवी

१९८४ साली वडिलांनी घेतलेला छताचा पंखा आमच्या माजघरात आजही फिरतो आहे. आजवर त्याची बेअरिंग तीनदा बदलली, कपॅसिटर तर कितीतरी वेळा बदलला, आणि दोनदा वाइंडिंग नव्याने करून घेतले. जळालेली तांब्याची तार दुकानदाराने दोन्ही वेळा वजनावर विकत घेतली. दिवाणखान्यातला बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा मात्र चौथ्या वर्षीच बंद पडला. त्याची मोटार ठणठणीत होती, पाती नव्यासारखी होती, बिघडला होता तो केवळ सर्किट बोर्ड. पण तो कडक रेझिनमध्ये बुजवलेला असल्यामुळे कारागिराला त्यातला सुटा भाग बदलता येईना, आणि त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, असे विक्रेत्याने सांगितले.

जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नवा ३० वॅटच्या आसपास, त्यामुळे बीएलडीसी तंत्र आपल्याला हवेच आहे. बोर्डवर रेझिन ओतण्यालाही दमट हवेपासून आणि धुळीपासून संरक्षण हे कारण आहे. तरीही हा बोर्ड चार स्क्रू काढून बदलता येईल अशा स्वतंत्र डबीत बसवणे आणि तो दहा वर्षे बाजारात उपलब्ध ठेवणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही. एलईडी बल्बची गत याहून वाईट आहे. त्यात बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना योग्य वीज पुरवणारे सर्किट, आधी निकामी होतो, आतले दिवे चांगले असतात, आणि टोपी चिकटवलेली असल्यामुळे सगळाच बल्ब टाकावा लागतो.

पुनर्वापराच्या दृष्टीने धातूंची बाजू भक्कम आहे. भंगारातले तांबे विद्युत पद्धतीने शुद्ध केले की ते खाणीतल्या तांब्याइतकेच वीजवाहक ठरते, आणि जुने अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला खनिजापासून नवे तयार करण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. खरी अडचण प्लास्टिकची आहे. दोन-तीन जातींचे प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेले, त्यात आग रोखणारी रसायने मिसळलेली आणि धातूच्या कड्या आत ओतून बसवलेल्या, अशा कवचापासून पुन्हा चांगल्या दर्जाचे कवच घडत नाही. एकाच जातीचे, जातीची खूण छापलेले आणि स्क्रूने जोडलेले कवच असेल, तरच ते शक्य होते. म्हणजे हा निर्णय भंगारवाल्याच्या दारात होत नाही, तो आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर होतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घातली, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांचा मुख्य भर वस्तू कचऱ्यात गेल्यानंतरच्या टप्प्यावर आहे, आणि उद्दिष्ट पूर्ण केल्याचे दाखवायला उत्पादकांना लागणारी प्रमाणपत्रे सोने, तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या वजनावर मोजली जातात. पंख्यांना २०२३ पासून बंधनकारक झालेले तारांकित लेबल विजेचा हिशेब सांगते, पण वस्तू उघडता येते का, सुटे भाग किती वर्षे मिळतील, पुनर्चक्रित सामग्री किती आहे, याबद्दल काहीच सांगत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच अशा काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले, आणि त्यात सुट्या भागांची किंमतही धरली जाते. आपल्याकडे तशी सुरुवात पंखा, मिक्सर आणि बल्ब यांपासून व्हावी, कारण या वस्तू घरोघरी आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हात गल्लोगल्ली आहेत.

परवा नवा पंखा घेताना मी दुकानात बोर्ड सुटा मिळेल का, एवढेच विचारले. विक्रेत्याने आस्थेने तीन कंपन्यांची माहितीपत्रके उलटून पाहिली. वॅट, वाऱ्याचा वेग, रंग, हमीची वर्षे सगळे छापलेले होते, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर एकातही नव्हते.