आमच्या शनीची कडी

आमच्या कॉलेजच्या खगोल मंडळाच्या वहीत शेवटची नोंद 26 डिसेंबर 2019 ची. ‘खंडग्रास सूर्यग्रहण. उपस्थिती 140. चष्मे 20. भांडणं 3.’ मग लॉकडाऊन लागला आणि मंडळ झोपलं ते झोपलंच. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले, की 1623 नंतर तेवढे कधीच आले नव्हते. आमचं मंडळ तेव्हा घरात बसून ऑनलाइन लेक्चरला झोपा काढत होतं.

ते जिवंत करायची हुक्की मला 2025 च्या जुलैत आली. भर पावसात खगोल मंडळाची नावनोंदणी म्हणजे आषाढी एकादशीला मटणाची खानावळ काढण्यातला प्रकार. पण ॲडमिशन तेव्हाच होतात; ढग जायची वाट बघत बसलं, तर पोरं ढोल पथकात जातात. पन्नास रुपये फी, बासष्ट नावं आली. सगळ्यांचे प्रश्न दोनच: सर्टिफिकेट मिळेल का आणि हजेरी लागेल का? एका मुलीनं मात्र बाजूला घेऊन हळूच विचारलं, “माझी साडेसाती कधी संपते, तेवढं बघशील?”

दुर्बीण फिजिक्सच्या लॅबमागं, मोडक्या बाकांखाली सापडली. सहा इंची, न्यूटोनियन, म्हणजे आरशाची. नळीत पालीचा संसार होता, तो सन्मानानं हलवला. आरसा काढून बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरनं धुतला. घासायचा नाही, नुसतं पाणी सोडायचं, कारण ओरखडा पडला की संपलं. सगळं जुळवलं आणि लक्षात आलं, की आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंगच नाही. आयपीस नसेल तर दुर्बीण आणि गच्चीवरची पन्हाळ यांत फरक काय?

तीन दिवस शोधाशोध. चौथ्या दिवशी लॅबचे मामा पेपरातलं राशिभविष्य वाचताना दिसले. डोळ्याशी काळं, नळकांड्यासारखं काहीतरी. आमचा 25 मिलिमीटरचा आयपीस! उलटा धरला की दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं त्याचं.

“मामा, हा दुर्बिणीचा आहे!”

“असंल. अक्षर लई झ्याक दिसतंय. पाच वर्सं वापरतोय.”

शेवटी तह झाला. संध्याकाळी सहा ते दहा आयपीस आमचा, एरवी मामांचा.

ऑक्टोबरपर्यंत आकाशदर्शनाचे तीन कार्यक्रम झाले. तिन्हींत फक्त वडापावचं दर्शन झालं. बासष्टचे नऊ उरले. मग मी शेवटचा डाव टाकला आणि नोव्हेंबरात पोस्टर लावलं: ‘शनीची कडी पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी!’ खाली ऐसपैस कड्यांचा झकास फोटो.

चाळीस जण आले. गच्चीची किल्ली, प्राचार्यांची सही, समोरचा हायमास्ट बंद करण्यासाठी वॉचमनची मनधरणी, सगळं पार पडलं. मी ऐटीत शनी लावला, डोळा टेकवला आणि घाम फुटला. टाचणी टोचलेलं लिंबू! त्याला कडी म्हणायला जीभ रेटेना.

शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यात दोनदा, साधारण पंधरा वर्षांनी एकदा, कडी आपल्याकडं बरोबर धार करून उभी राहतात. तशी ती मार्चमध्ये राहिली होती आणि नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ मिटली होती. मी पोस्टरवर डकवलेला फोटो 2017 चा, कडी सगळ्यात उघडी असतानाचा. एवढ्या वर्षांतून मला मुहूर्त कुठला सापडावा!

“कडी कुठंयत?”

“ही काय, आडवी रेघ.”

“पोस्टरवर तर चांगली होती की!”

1612 साली गॅलिलिओलाही कडी अशीच दिसेनाशी झाली. रोमन पुराणातल्यासारखी शनीनं आपलीच पोरं खाल्ली की काय, असं त्यानं लिहून ठेवलं. पण त्याच्या पाठीमागं एसवाय बीकॉमची रांग नव्हती आणि पन्नास रुपये परत मागायलाही कोणी नव्हतं.

रांगेत शेवटी मामा. कुंभ रास, साडेसाती चालू. दहा वाजले की आयपीस न्यायचा म्हणून थांबलेले. टोपी मागं सारून वाकले, ते उठेचनात. मागून पोरं ओरडायला लागली.

“ह्योच का त्यो?” मामांनी डोळा न काढता विचारलं.

“हो, हाच शनी.”

“एवढासा?” मामा म्हणाले. “आन् ह्येला मी दर शनवारी तेल वाहतोय व्हय!”

दुसऱ्या दिवशी आयपीस त्यांच्याच टेबलावर होता. खाली पेपर, राशिभविष्याच्या पानावर उघडलेला. शेजारी पन्नासची नोट. “माझं नाव लिव वहीत,” म्हणाले, “आन् सर्टिफिकिट नको.”